डेझर्ट जारच्या तळाशी पाणी साचते: ते कोणत्या थरातून सुटले हे कसे ओळखावे

संध्याकाळी भरून ठेवलेल्या बरण्या सकाळी फ्रीजमधून काढाव्यात आणि प्रत्येकीच्या तळाशी बोटभर गुलाबी पाणी साचलेले दिसावे, हा अनुभव काचेच्या छोट्या बरण्यांत फळांची गोड पक्वान्ने करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला केव्हा ना केव्हा आलेला असतो. स्टीलच्या पातेल्यात हेच पाणी कोणाच्या लक्षात येत नाही, कारण वाढताना डाव फिरवला की ते मिसळून जाते. काचेत ते लपत नाही, आणि ज्या थरांच्या शोभेसाठी बरणी निवडली त्या थरांवरूनच त्याचे ओघळ उतरतात.

माझ्या भाचीच्या केळवणासाठी मी स्ट्रॉबेरी, श्रीखंड आणि बिस्किटांचा चुरा अशा थरांच्या चाळीस बरण्या केल्या होत्या. रात्री त्या दृष्ट लागावी अशा दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पंगतीत ठेवल्या तेव्हा चुऱ्याचा लगदा झाला होता आणि श्रीखंडाच्या कडेने गुलाबी रेघा खाली उतरल्या होत्या. पाहुण्यांनी बरण्या चाटूनपुसून संपवल्या, हा त्यांचा चांगुलपणा. त्यानंतर मी एकदा फळ कमी केले, एकदा बिस्किटे वाढवली, एकदा श्रीखंडाऐवजी फेटलेले क्रीम घेतले, आणि तिन्ही वेळा पाणी सुटलेच. पाणी एकाच ठिकाणाहून येत असणार असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात एका बरणीत पाण्याचे चार-पाच उगम असू शकतात, प्रत्येकाचा उपाय निराळा असतो, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला अपायही करतो. क्रीम घट्ट व्हावे म्हणून ते जास्त फेटणे, हे त्याचे ठळक उदाहरण पुढे येईलच.

आधी उगम शोधावा

कृतीत बदल करण्यापूर्वी एक रात्र तपासणीसाठी द्यावी. ज्या प्रमाणात थर भरणार आहोत त्याच प्रमाणात प्रत्येक थर एकेका रिकाम्या बरणीत एकटाच ठेवावा, एका बरणीत सगळे थर नेहमीप्रमाणे भरावेत, झाकणे लावून सर्व बरण्या फ्रीजच्या एकाच कप्प्यात ठेवाव्यात आणि सकाळी प्रत्येक बरणी हलकेच तिरकी करून पाहावी. पाण्याचा रंग आणि चव बहुतेक वेळा सारे सांगून जाते. फळाच्या रंगाचे, गोड पाणी फळातले असते. निवळ, पिवळसर-हिरवट आणि जिभेला आंबट लागणारे पाणी चक्क्यातले असते. दुधाळ पाणी क्रीममधले असते किंवा अननस-किवीसारख्या फळाने दुधातली प्रथिने तोडल्यामुळे आलेले असते. आणि रंग नाही, चवही नाही असे पाणी झाकणाखालच्या वाफेचे किंवा चायना ग्रासच्या (म्हणजे समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अगर-अगरच्या) जेलीचे असते.

एकेकट्या बरण्या कोरड्या राहिल्या आणि थरांच्या बरणीतच पाणी दिसले, तर दोष दोन थरांच्या शेजाराचा आहे, असे समजावे. बहुतेक वेळा हा शेजार चिरलेले फळ आणि साखर घातलेला थर यांचा असतो.

फळाचे पाणी

स्ट्रॉबेरीत वजनाच्या सुमारे ९० टक्के पाणीच असते. फळ अखंड असते तोवर ते पेशींच्या आत असते. सुरीने चिरल्यावर कापलेल्या पेशी उघड्या पडतात, आणि त्यांच्याशेजारी श्रीखंडासारखा साखरेने भरलेला थर आला की उरलेल्या पेशींतले पाणीही त्या साखरेकडे ओढले जाते. यात नवे काही नाही. खमंग काकडी करताना चोचवलेल्या काकडीला आपण मीठ लावून ठेवतो, पाणी सुटले की ती पिळून घेतो आणि मगच दाण्याचे कूट घालतो. काकडी न पिळता कूट घातले तर कोशिंबीर पाणचट होते, हे स्वयंपाकघरात नव्याने शिरलेल्या मुलालाही सांगावे लागत नाही. तेच शहाणपण स्ट्रॉबेरीच्या बाबतीत मात्र आपण विसरतो, आणि ताजे चिरलेले फळ थेट बरणीत टाकतो.

म्हणून जे पाणी सुटणारच आहे ते बरणीबाहेर सुटू द्यावे. स्ट्रॉबेरी देठासकट धुवावी, कारण देठ काढून धुतले तर खाचेतून पाणी आत शिरते. मग ती स्वच्छ फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी करावी आणि त्यानंतरच देठ काढून चिरावी. अर्धा किलो फोडींना ५० ग्रॅम साखर हलक्या हाताने लावून त्या गाळणीत, खाली वाडगा ठेवून, पाऊण तास ठेवाव्यात. वाडग्यात साचलेला रस फेकू नये. तो लहान पातेल्यात मंद आचेवर एक तृतीयांश उरेपर्यंत आटवावा, पूर्ण थंड करावा आणि निथळलेल्या फोडींवर परत घालावा. आता तो पाक असतो, पाणी नसते. तो फोडींना चिकटून राहतो, त्यांना चकाकी देतो आणि खालच्या थरात सहसा झिरपत नाही. हंगामाच्या शेवटी, उन्हे तापल्यावर महाबळेश्वर-पाचगणीकडून येणारे फळ अधिक मऊ असते आणि त्याला वरच्यापेक्षा बरेच जास्त पाणी सुटते. अशा फळाच्या फोडी करण्याचा हट्ट सोडून सगळ्याचाच दाट पाक करावा, हे मला दोन हंगाम वाया घालवल्यावर पटले.

ज्या फळाची साल किंवा आवरण शाबूत ठेवता येते त्याला ही खटपट लागत नाही. डाळिंबाचे दाणे आणि बिनबियांची अखंड द्राक्षे दोन दिवस बरणीत कोरडी राहतात. तीच द्राक्षे शोभेसाठी मधोमध कापली की सकाळपर्यंत पाझरतात. भेटीच्या बरणीत चिरलेले फळ एकच घ्यावे आणि दुसरे फळ अखंड दाण्यांचे घ्यावे, असा नियम मी स्वतःपुरता केला आहे.

आंब्याचा प्रश्न थोडा वेगळा आहे. पिकून घट्ट असलेल्या हापूसच्या ताज्या फोडी फारशा पाझरत नाहीत, पण हंगामाबाहेर वापरण्यासाठी गोठवून ठेवलेल्या फोडी हमखास पाझरतात, कारण गोठताना होणाऱ्या बर्फाच्या स्फटिकांनी पेशींच्या भिंती फाटतात आणि बर्फ वितळला की आतले सगळे पाणी मोकळे होते. त्यामुळे जून उलटल्यावर आंब्याची बरणी करायची असेल तर फोडींचा विचारच करू नये. कोकणातल्या घरांप्रमाणे रस आटवून ठेवावा आणि तो वापरावा. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर सतत ढवळत एक किलो रस साधारण अर्धा किलो उरेपर्यंत आटवला की तो चमच्यावरून धारेने न पडता गोळ्याने पडतो. तो चक्क्यात मिसळला तरी मिश्रण सैल होत नाही. ताजा पातळ आमरस चक्क्यात घालून आम्रखंड सैल झाल्याची तक्रार करणाऱ्यांनी चक्क्याला दोष देण्यापूर्वी हे एकदा करून पाहावे.

चक्क्याचे पाणी आणि ‘गोड जरा कमी’

पिवळसर आंबट पाणी दिसले तर चक्का पुरेसा निथळलेला नाही, हे पहिले कारण. दही रात्रभर टांगले म्हणजे झाले असे नसते. गाईच्या किंवा टोन्ड दुधाचे दही सैल असते आणि म्हशीच्या किंवा फुल क्रीम दुधाच्या दह्याइतका घट्ट चक्का देत नाही. आपल्याकडे फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के आणि टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे फरक उघड आहे. उन्हाळ्यात दही खुंटीला टांगले तर पाणी निथळेपर्यंत ते आंबून जाते, म्हणून फडक्यात बांधलेले दही चाळणीत ठेवून, वर वजन ठेवून, खाली भांडे घेऊन फ्रीजमध्येच दहा ते बारा तास निथळू द्यावे. चक्का तयार झाला की नाही हे पाहण्यासाठी त्याचा लहान गोळा टिपकागदावर दहा मिनिटे ठेवावा; कागदावर गोळ्याभोवती ओलीचे रुंद कडे उमटले तर अजून वेळ द्यावा.

दुसरे कारण सहसा कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते अलीकडच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तेच आहे. जुन्या घरगुती प्रमाणात चक्का आणि साखर जवळजवळ समसमान असतात. ती साखर गोडीसाठी तर असतेच, शिवाय चक्क्यात उरलेल्या पाण्यात विरघळून ती त्याचा दाट पाक करते आणि पाकासारखे दाट झालेले पाणी प्रथिनांच्या जाळीतून सहजी बाहेर पडत नाही. आता बरण्या मागवणारा प्रत्येक जण ‘गोड जरा कमी’ असे सांगतो. साखर निम्मी केली की पाणी पातळच राहते आणि रात्रभरात वेगळे होते. मागणी चुकीची नाही, तिची पूर्तता करण्याची पद्धत बदलावी लागते. साखर किलोला ६०० ग्रॅमच्या खाली आणायची असेल तर चक्का नेहमीपेक्षा चार-पाच तास जास्त निथळवावा आणि मिश्रणात किलोला तीन-चार मोठे चमचे दुधाची पावडर घालावी. आटवलेला आंब्याचा रस असेल तर त्याची स्वतःची गोडी आणि दाटपणा दोन्ही मदतीला येतात, म्हणून कमी गोड बरणीसाठी साध्या केशरी श्रीखंडापेक्षा आम्रखंड अधिक भरवशाचे ठरते.

साखर घातल्यावर श्रीखंड आधी सैल होते. ते पाहून घाबरून कॉर्नफ्लोअर घालणारे लोक मी पाहिले आहेत. तसे करू नये. पिठीसाखर मिसळून, पुरणयंत्रातून काढून, मिश्रण झाकून तीन तास फ्रीजमध्ये ठेवले की ते पुन्हा आळते, आणि बरण्या त्यानंतरच भराव्यात.

दुधाळ पाणी

क्रीमच्या बाबतीत बाजारात ‘फ्रेश क्रीम’ म्हणून मिळणाऱ्या डब्यांत साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. तेवढ्यावर हवा धरून ठेवणारी जाळी तयार होत नाही, त्यामुळे ते कितीही फेटले तरी थोडे फुगते आणि पुन्हा बसते. डब्यावर किमान ३० टक्के लिहिलेले क्रीम घ्यावे, भांडे आणि फेटणीची पाती आधी फ्रीजमध्ये गार करावीत, आणि मे महिन्यात तर भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून फेटावे. फेटणी उचलल्यावर टोक उभे राहून किंचित वाकले की थांबावे. त्यापुढे फेटले तर घट्टपणा वाढल्यासारखा वाटतो, पण तिथून पुढे लोणी निघण्याची सुरुवात असते, आणि लोणी निघाले की ताक सुटणारच. तळाचे दुधाळ पाणी म्हणजे बहुतेकदा हे ताक.

अननस, किवी, पपई आणि ताजे अंजीर यांच्यात प्रथिने तोडणारी विकरे (एन्झाइम्स) असतात. ही फळे कच्ची चिरून दुधाच्या कोणत्याही पदार्थावर ठेवली तर काही तासांत तो थर पातळ होतो आणि कडू लागतो. जिलेटिनची जेली तर धरतच नाही. उष्णतेने ही विकरे निकामी होतात. अननसाच्या फोडी थोड्या साखरेत चांगली उकळी फुटेपर्यंत आणि पुढे पाचेक मिनिटे शिजवाव्यात, पूर्ण गार कराव्यात आणि मग वापराव्यात. डबाबंद अननस आधीच शिजलेला असतो, म्हणून त्याने हा त्रास होत नाही. किवी शिजवला की रंग आणि रूप दोन्ही जातात; तो खाण्याच्या वेळी वर ठेवायचा, नाहीतर सोडून द्यायचा.

सीताफळाचे मात्र नेमके उलटे आहे. त्याचा गर तापवला की कडवटपणा येतो, म्हणून तो नेहमी गार मिश्रणातच घालावा. संत्र्याच्या पाकळ्याही पांढरे धागे आणि पापुद्रे काढून, गार झालेल्या थरावरच ठेवाव्यात.

कस्टर्ड आणि जेली

कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः मक्याचे सत्त्व, रंग आणि वास. ते अर्धवट शिजले तर दुसऱ्या दिवशी पाणी सोडते, म्हणून दाट झाल्यावरही बुडबुडे येत राहतील असे दोन मिनिटे शिजवावे. गोठवलेल्या बरणीतले कस्टर्ड वितळल्यावर नक्कीच फुटते, तेव्हा ते फ्रीजरमध्ये ठेवू नये.

एक कारण मात्र ऐकणाऱ्याला आजीच्या काळातले वाटेल. चव पाहिलेला चमचा पुन्हा कस्टर्डात घातला तर ते रात्रीतून पातळ होऊ शकते, कारण लाळेतले विकर पिष्टाचे तुकडे करते. उष्टा चमचा पातेल्यात घालू नये, या आपल्या घरातल्या दंडकाला शुचितेपलीकडचे असे रोकडे कारणही आहे.

चायना ग्रासची जेली शाकाहारी असते, खोलीच्या तापमानाला घट्ट होते आणि पुन्हा वितळण्यासाठी तिला ८० अंशांच्या वर तापवावे लागते. उलट जिलेटिन प्राण्यांपासून मिळते आणि ३०-३५ अंशांच्या आसपासच वितळू लागते. एप्रिलमधल्या पुण्यात किंवा नागपुरात जिलेटिनची बरणी गाडीतून न्यायची म्हणजे सरबत नेण्यासारखेच आहे. चायना ग्रासचा दोष एवढाच की तिला थोडे पाणी सुटते, आणि जेली मोडली किंवा कापली की ते वाढते. पावडर साध्या पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळावी, आंबट फळाचा रस तिच्याबरोबर उकळू नये, तो आच बंद केल्यावर कोमटसर करून मिसळावा, आणि मिश्रण बरणीतच ओतून तिथेच घट्ट होऊ द्यावे. त्यावर अर्धा चमचा कोरडा सब्जा भुरभुरला तर सुटलेले पाणी तो शोषून घेतो आणि फालुद्यासारखा छान दिसतो. लगदा होऊ नये म्हणून कॉर्नफ्लोअर घालण्यापेक्षा हा उपाय मला कितीतरी आवडतो.

खालचा चुरा

तळाचा चुरा हा गुन्हेगार नसून बळी असतो, पण त्याला थोडे चिलखत देता येते. मारी किंवा ग्लुकोज बिस्किटांचा नुसता चुरा तासाभरात ओला होतो. १०० ग्रॅम चुऱ्याला ४० ते ५० ग्रॅम वितळवलेले लोणी चोळून, तळाशी दाबून, वर दुसरा थर घालण्यापूर्वी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवला की स्निग्ध पदार्थाचे आवरण पाणी अडवते. यासाठी मला नानकटाई सर्वांत योग्य वाटते. तिच्यात तूप आधीच भरपूर असते, त्यामुळे ती उशिरा ओली होते, आणि वेलदोड्याचा वास आम्रखंडाशी जुळतो.

सध्या माझ्या २०० मिलीच्या पंधरा बरण्यांचे प्रमाण एक किलो चक्का, ६०० ग्रॅम पिठीसाखर, ४०० ग्रॅम आटवलेला रस, ३०० ग्रॅम नानकटाईचा चुरा आणि प्रत्येकीवर साधारण २५ ग्रॅम ताज्या हापूसच्या फोडी असे असते. फोडी चुऱ्याला कधीही लागू देत नाही. त्या सर्वांत वर असतात आणि देण्याच्या दिवशीच घातल्या जातात.

झाकणाचे पाणी, आणि बरणी दुसऱ्याच्या हातात गेल्यावर

शिजवलेला थर कोमट असताना झाकण लावले की वाफ झाकणाला लागते आणि थेंब होऊन वरच्या थरावर ठिबकते. बरणी फ्रीजमध्ये पहिला तासभर नुसत्या कागदी रुमालाने झाकून ठेवावी आणि मग झाकण लावावे. पावसाळ्यात मुंबई-कोकणात फ्रीजबाहेर आलेल्या बरणीवर बाहेरूनही दव धरते आणि चिकटवलेली नावपट्टी सुटते. दोऱ्याने मानेला बांधलेली जाड कागदाची चिठ्ठी टिकते.

फिरकीच्या झाकणाच्या मेसन बरणीचे पेटंट १८५८ साली अमेरिकेत घेतले गेले आणि ती मुरंबे-भाज्या टिकवण्यासाठीच होती. त्यामुळे घट्ट झाकण दिसले की आतले टिकणार, असा समज अजून आहे. आपल्या बरणीतला पदार्थ उकळून निर्जंतुक केलेला नसतो. त्याला ५ अंशांखालचे तापमान लागते, खोलीच्या तापमानाला तो दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि उन्हाळ्यात तर एका तासापेक्षाही नाही. दिवाळीत भेट दिलेली बरणी चिवड्या-चकलीच्या ताटाशेजारी टीपॉयवर संध्याकाळभर उभी असलेली मी पाहिली आहे, आणि दुसऱ्या दिवशी ‘तुमच्या श्रीखंडाला पाणी सुटले’ असा फोनही मला आला आहे. तेव्हापासून चिठ्ठीवर शुभेच्छांच्या आधी ‘लगेच फ्रीजमध्ये ठेवावे, उद्यापर्यंत संपवावे’ असे ठळक अक्षरांत लिहिते आणि तारीख घालते.

नेताना बरण्या थर्माकोलच्या खोक्यात, गोठवलेल्या जेल पिशव्यांच्या मध्ये, एकमेकींना हलता येणार नाही अशा दाटीने ठेवाव्यात. मोकळ्या जागेत जुन्या टॉवेलच्या घड्या कोंबाव्यात. स्कूटरच्या पुढच्या भागात ठेवलेले खोके प्रत्येक खड्ड्याला उसळते आणि थर हिंदकळून एक होतात. लांबच्या गावी द्यायच्या असतील तर मी फोडी वेगळ्या छोट्या डबीत देते आणि खाणाऱ्यालाच वरून घालायला सांगते. असे दिल्यावर साताऱ्यापर्यंत नेलेल्या बरण्यांतही आजवर पाणी साचलेले नाही.